हरिश्चंद्रगडावर पहिला मुक्काम: वाट, वेळ आणि सॅक

हरिश्चंद्रगडाला पहिल्यांदा निघालेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या वाटेनं जायचं, कुठल्या महिन्यात, जेवायचं काय, झोपायचं कुठं. दहा जणांना विचारलं की दहा उत्तरं मिळतात, कारण सांगणारा कुणी भर पावसात खिरेश्वरहून चढलेला असतो, तर कुणी जानेवारीत पाचनईहून. दोघांचंही खरं असतं, फक्त तुमच्या कामाचं असतंच असं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा गड एका दिवसात उरकायचा नाही. सकाळी चढून संध्याकाळी उतरणारा माणूस कोकणकड्यावर पोचतो तो नेमका भर दुपारी. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, खालचं कोकण धुरकट दिसतं आणि ‘उतरायला उशीर होईल’ म्हणून कुणीतरी घाई करत असतं. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, म्हणजे सूर्यास्त त्याचा. आणि दरीत ढग भरलेले असतील तर सकाळही त्याचीच. त्यामुळे गडावर एक अख्खी संध्याकाळ आणि एक अख्खी सकाळ हाताशी राहील अशा बेतानं सगळं आखा. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहिलं आहे.

थोडी ओळख: गड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, माळशेज घाटाच्या अंगाला आहे. उंची १,४२४ मीटर. भोवतालचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतं, म्हणजे इथं वनखात्याचे नियम लागू आहेत.

१. महिना ठरवा

पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा स्वच्छ, वाट कोरडी, पाणी मिळतं आणि केदारेश्वराच्या, म्हणजे पाण्यात शिवलिंग असलेल्या, गुहेत उतरता येतं. थंडी मात्र गृहीत धरा. पठारावर रात्री वारा सुटला की शहरातला स्वेटर काही कामाचा नाही.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा जाणकारांचा मोसम. सोनकीनं पठार पिवळं झालेलं असतं, ओढे वाहते असतात आणि इंद्रवज्र, म्हणजे दरीतल्या ढगावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. परतीचा पाऊस कधी गाठेल ते सांगता येत नाही, एवढी एकच अडचण.

जुलै-ऑगस्टचे व्हिडिओ बघून निघणार असाल तर जरा थांबा. त्या दिवसांत गड सुंदर असतोच, पण धुकं असं उतरतं की कड्यावर उभं राहूनही समोर नुसता पांढरा पडदा. खडक शेवाळतात, केदारेश्वराकडे जाणारा ओढा वाट अडवतो, आणि शनिवार-रविवारी कठड्यांपाशी रांगा लागतात. पावसाळी गड दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघा, आणि तोही आडवारी.

एप्रिल-मे मध्ये रात्र छान जाते, दुपार नाही. महाशिवरात्रीला गडावर भाविकांची मोठी गर्दी असते. यात्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, निवांतपणा हवा असेल तर तो आठवडा सोडा.

२. वाट ठरवा

वाटा बऱ्याच आहेत. नवख्यानं विचार करायच्या त्या दोनच.

पाचनई: अकोले-राजूरच्या बाजूचं गाव. बेताच्या चालीनं दोन-अडीच तासांत माणूस गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचतो. वाट ठसठशीत आहे, अवघड जागी लोखंडी कठडे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हीच धरावी. ‘पाचनईहून काय, कुणीही जातं’ असं नाक मुरडणारे भेटतील, त्यांना भेटू द्या. वाटेत वाचलेला वेळ आणि पायांतला दम वर खर्च करायचा आहे.

खिरेश्वर: माळशेजच्या बाजूनं, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठावरचं गाव. इथून चार ते पाच तास धरा, सॅक जड असेल तर जास्तच. आधी टोलार खिंड, तिथं दगडात कोरलेला वाघ आहे, मग कठडे लावलेला कातळ, आणि तो चढून ‘आलो एकदाचे’ म्हणावं तर पुढं एकामागून एक टेकाडं. खरी दमछाक तिथं होते. बालेकिल्ल्याच्या पायथ्याच्या रानात वाट फुटते आणि धुक्यात माणसं चुकतात ती बहुतेक याच पट्ट्यात. दर महिन्याला कुठंतरी डोंगर चढणाऱ्यांसाठी ही वाट उत्तम आहे. ऑफिसमधल्या पंधरा जणांना घेऊन निघाला असाल तर नको.

तिसरं नाव तुमच्या कानावर येईलच: नळीची वाट. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतल्या घळीतून थेट वर. सुटे दगड, उभे कातळटप्पे, काही ठिकाणी दोर लागतो आणि दिवसभराची चाल. अनुभवी माणसं आणि वाट माहीत असलेला वाटाड्या बरोबर असल्याशिवाय त्या घळीत शिरू नका.

३. पायथा गाठा

स्वतःच्या गाडीनं मुंबईहून निघालात तर कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी, राजूर आणि मग पाचनई. नाशिककरांनीही घोटीहूनच वळावं. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि पाचनई. शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणावळणाचा आहे. अंधारात पहिल्यांदाच तो रस्ता चालवायची वेळ येऊ देऊ नका.

एसटीनं जाणाऱ्यांनी राजूर किंवा कोतूळ गाठावं आणि तिथून पाचनईची गाडी किंवा जीप बघावी. मुंबईकरांना कसाऱ्यापर्यंत लोकल आहे. स्टेशनबाहेर जीप उभ्या असतात, पण भाडं बसायच्या आधी ठरवा आणि परतीचं काय तेही तेव्हाच बोलून घ्या. खिरेश्वरला जायचं असेल तर कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीत बसा आणि खुबी फाट्यावर उतरा. तिथून धरणाच्या कडेनं गावापर्यंत साधारण तासाभराची चाल.

इथं एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. मोबाइलच्या नकाशात ‘हरिश्चंद्रगड’ असं टाकलं की तो कुठल्या बाजूला नेऊन सोडेल याचा नेम नाही. गडाचं नाव टाकूच नका, गावाचं टाका. पुण्याचे चौघं आणि मुंबईचे सहा ‘पायथ्याशी भेटू’ म्हणून निघतात आणि निम्मे खिरेश्वरला, निम्मे पाचनईला उभे असतात. डोंगर एकच असला तरी या दोन गावांमधला गाडीरस्ता पुष्कळ लांबचा आहे.

शक्य असेल तर आदल्या रात्रीच पाचनईत पोचा. गावात बऱ्याच घरी राहण्या-जेवणाची सोय होते. पडवीत सतरंजी, गरम पिठलं-भाकरी, आणि सकाळी ऊन चढायच्या आत चालायला सुरुवात. आधी फोन करून माणसांचा आकडा सांगा. आयत्या वेळी वीस जण दारात उभे राहिले की मावशींनी चूल पेटवायची तरी कधी?

४. कागदपत्रं आणि सॅक

कागद आधी, कारण ते विसरले जातात:

- प्रत्येकाचं फोटो असलेलं ओळखपत्र. आधार किंवा लायसन चालतं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, छापील प्रत ठेवा.
- वनखात्याच्या नाक्यावर भरलेल्या पैशांची पावती. ती परतेपर्यंत जपा.
- गाडीची कागदपत्रं.
- गटातल्या सगळ्यांची नावं, रक्तगट आणि घरच्यांचे नंबर लिहिलेला एक कागद. एक प्रत सॅकमध्ये, दुसरी घरी. त्यावर ‘रविवारी रात्री इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा’ अशी वेळही लिहून ठेवा.
- रोख पैसे, सुट्यांसकट. वर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे स्कॅन करून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

सॅकमध्ये:

- दोन ते तीन लिटर पाणी. बाटल्या घरच्या, पुन्हा भरता येतील अशा.
- डोक्याला लावायची बॅटरी, प्रत्येकाची स्वतःची. मोबाइलचा टॉर्च हा पर्याय नव्हे, तो हातात धरला की कठडा कुठल्या हातानं धरणार?
- पावलाला पकड देणारे बूट, आधी महिनाभर वापरलेले. नवे कोरे घालून आलात तर दुसऱ्या दिवशी उतरताना ते सूड घेतील.
- स्लीपिंग बॅग, खाली अंथरायला मॅट, कानटोपी, वारा अडवणारं जाकीट, जादा मोजे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग सॅकमध्ये.
- गूळ-शेंगदाणे, खजूर, लाडू, दशम्या-चटणी. ब्रेडची जॅम लावलेली चळत दुपारपर्यंत लगदा होते.
- इलेक्ट्रालची पाकिटं, बँडेज, क्रेप पट्टी, जंतुनाशक, वेदनाशामक गोळ्या आणि ज्याची त्याची नेहमीची औषधं.
- एक काठी, एक शिट्टी, आणि कचऱ्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या.

बायकांसाठी थोडं जास्तीचं, कारण अशा याद्यांमध्ये हे कुणी लिहीत नाही. वर पक्क्या स्वच्छतागृहाची अपेक्षा ठेवू नका. टिश्यू, सॅनिटायझर, जादा पॅड आणि वापरलेले परत आणायला कागदात गुंडाळून बंद होणारी पिशवी, हे सगळं एका छोट्या पाऊचमध्ये वरच्या कप्प्यात ठेवा. आडोशाला जाताना एकटीनं जाऊ नये, कुणालातरी सांगून जावं. आणि त्या भीतीपोटी पाणी कमी पिऊ नये. चढावर पाय गोळे येऊन आखडतात त्यामागं बऱ्याचदा हेच कारण असतं.

घरी ठेवायच्या वस्तू: ब्लूटूथ स्पीकर, दारू, एकदा वापरून फेकायच्या प्लेटी, आणि भडक वासाचं सेंट. शेवटच्या गोष्टीला हसू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. ड्रोन परवानगीशिवाय नको.

ट्रेक आयोजकाबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका लीडरमागे किती माणसं, सगळ्यात मागं कोण चालणार, आणि नोंदणी आहे का. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ‘काळजी करू नका, सगळं होतं व्यवस्थित’ हे उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा. एका गटात चाळीस जणांना मिळून एकच लीडर होता आणि तो सगळ्यांच्या पुढं चालत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

५. चढाई: पाचनई ते देऊळ

सकाळी सात-साडेसातला निघा. नाक्यावर पावती करताना मुक्कामाबद्दल विचारून घ्या. तंबू कुठं लावायचे, कड्याजवळ परवानगी आहे का, हे नियम बदलत असतात. मागच्या वर्षी कुणी काय केलं याला त्या दिवशी काही अर्थ नसतो.

पहिला अर्धा-पाऊण तास सरळ चढ आहे आणि तिथंच हौशी मंडळी धावत सुटतात. तुम्ही बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवा. पुढं वाट उभ्या कातळभिंतीच्या पोटाला लागते. डोक्यावर कातळ छतासारखा पुढं आलेला, एका हाताला दरी, आणि पायाखाली माणूसभर रुंदीची वाट. घाबरण्यासारखं काही नाही, पण इथं सेल्फी काढायचा तर थांबून, भिंतीकडे सरकून काढा. समोरून उतरणाऱ्यांना वाट देताना आपण नेहमी भिंतीच्या बाजूला राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. कठडा धरण्याआधी जरा हलवून बघा, काही ठिकाणी गज सैल झालेले असतात.

मग ओढा लागतो. हिवाळ्यात तो दगडांवरून टणाटण पार होतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि वेगाचं असेल तर थांबायचं, म्हणजे थांबायचंच. पाऊस उघडला की हे ओढे उतरतात. थांबलेला गट उशिरा का होईना घरी जातो.

वाटेत आणि वर पाचनईकरांच्या झोपड्या आहेत. लिंबू सरबत, ताक, भजी, पिठलं-भाकरी मिळते. भाव शहरापेक्षा जास्त असेल तर घासाघीस करू नका. ते पिठाचं पोतं आणि गॅसची टाकी कुणीतरी खांद्यावरून वर आणली आहे. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर वर पोचल्या पोचल्या द्या.

६. दुपार: देऊळ, पुष्करणी, केदारेश्वर

अकराच्या आत देवळापाशी पोचलात की दिवस तुमचा. सॅक मुक्कामाच्या जागी टाका आणि रिकाम्या हातानं फिरा.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ ओबडधोबड डोंगरात अचानक समोर येतं. काळ्या दगडाचा उंच, नक्षीदार शिखराचा प्रासाद, भोवती कातळात खोदलेल्या लेण्या आणि पाण्याची टाकी. टाक्यांमधलं पाणी गार आणि प्यायच्या उपयोगाचं असतं, म्हणूनच त्यात हात-पाय धुवायचे नाहीत, भांडी तर नाहीच नाही. कुठलं टाकं पिण्याचं हे झोपडीवाल्यांना विचारा आणि तरीही पाणी गाळून, शुद्ध करायची गोळी टाकून घ्या. योगी चांगदेवांचं इथं वास्तव्य होतं आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ च्या सुमारास, त्यांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर लिहिला असं मानतात. शिलालेख शोधायचे असतील तर घाई नको. अक्षरं उथळ आहेत, तिरकं ऊन पडलं की उठून दिसतात. खडूनं अक्षरं भरण्याचा उद्योग मात्र करू नका.

शेजारीच पुष्करणी आहे, सप्ततीर्थ म्हणतात तिला. एका बाजूला देवळ्या कोरलेल्या, मूर्ती आता तिथं नाहीत. पोहायला उतरू नये.

वेळ द्यायचा तो केदारेश्वराला. देवळापासून ओढ्याच्या कडेनं खाली उतरलं की ही गुहा लागते. आत पुरुषभर उंचीचं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी, आणि मूळच्या चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच. चार खांब म्हणजे चार युगं, हा शेवटचा पडला की कलियुग संपलं, असं गावकरी सांगतात. युगाचं राहू द्या, त्या खांबाला टेकून फोटो काढू नका.

पाण्यातून प्रदक्षिणा घालायची असेल तर ती पोहण्यासारखी मजा नाही, हे ध्यानात ठेवा. पाणी बर्फासारखं असतं. पहिल्या दोन पावलांत पोटऱ्या बधिर होतात आणि तळाचा दगड कुठं गुळगुळीत तर कुठं खाचखळग्यांचा आहे. लिंगाला किंवा भिंतीला हात ठेवून, पाय न उचलता घसटत पुढं न्यायचे. बूट बाहेर, मोबाइल दुसऱ्याच्या हातात. बाहेर आलं की लगेच कोरडे मोजे घाला. पोट भरल्या भरल्या किंवा अंगात कणकण असताना उतरू नका.

अंगात दम उरला असेल तर दुपारी तारामती शिखर. देवळाच्या मागून वाट चढते, तासभर लागतो. आजोबा, नाफ्ता, भैरवगड, कुलंगची रांग असे सगळे मोठे डोंगर तिथून ओळीनं दिसतात. ओळखणारा कुणी बरोबर असेल तर दुप्पट मजा. वर जाताना डाव्या-उजव्या हाताच्या लेण्याही पाहून घ्या, त्यातल्या एकीत गणपतीची भलीमोठी मूर्ती आहे. चार वाजता मात्र जिथं असाल तिथून वळा.

७. संध्याकाळ: कोकणकडा

देवळापासून कड्यापर्यंत अर्धा ते पाऊण तास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून साडेचारला निघा. परतताना अंधार असणार, बॅटऱ्या आत्ताच बरोबर घ्या.

कडा अर्धगोल आहे आणि मधे पोटात आत गेलेला, उभारलेल्या नागफणीसारखा. म्हणजे तुम्ही काठावर उभे असता तेव्हा पायांखालचा दगड दरीवर पुढं आलेला असतो. सुरक्षित कठड्याच्या अलीकडेच थांबा. कठडा नसेल तिथं शेवटचे काही फूट उभ्यानं जाऊ नका, पोटावर झोपून सरका आणि कुणालातरी पाय धरायला सांगा. टोपी, गॉगल, ओढणी आवळून घ्या. दरीतून वर येणारा वारा इथं जबरदस्त असतो. हलकी वस्तू खाली टाकली तर ती परत वर येते हे खरं आहे, पण म्हणून बाटल्यांची झाकणं आणि वेफर्सची पाकिटं टाकून बघू नका. खालून नळीच्या वाटेनं माणसं येत असतात, दगड तर चुकूनही नको.

सूर्य बुडाला की पाच मिनिटांत सगळे उठतात आणि एकदम निघतात. तुम्ही निघू नका. खाली कोकणातल्या वाड्यांमधले दिवे एकेक करून लागायला पुढची पंधरा-वीस मिनिटं जातात आणि तोवर कडा रिकामाही होतो. परतताना मात्र गट फुटू देऊ नका. पठार सपाट असल्यानं अंधारात दिशा चुकते. सगळ्यात पुढं एक आणि सगळ्यात मागं एक, अशी दोन माणसं आधीच ठरवून ठेवा.

८. रात्र

झोपायला तंबू भाड्यानं मिळतात. गुहांमध्येही लोक झोपतात, पण शनिवारी तिथं जागेसाठी रेटारेटी आणि रात्रभर गप्पा. तंबू लावताना दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. बूट आत घ्या: गावातलं एखादं कुत्रं दिवसभर इमानानं तुमच्याबरोबर चालतं आणि रात्री तुमचाच एक बूट घेऊन पसार होतं. सकाळी बूट घालण्याआधी ते उलटे करून झटका. विंचू आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत, म्हणून दगडाच्या फटीत हात घालायचा नाही आणि अंधारात बॅटरी-काठीशिवाय चार पावलंही जायचं नाही. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, गावकऱ्यांना हाक मारा आणि सरकारी रुग्णालय गाठा. मदतीसाठी ११२ लावा. नेटवर्क गडावर कुठं येतं ते झोपडीवाल्या दादांना ठाऊक असतं.

शेकोटी पेटवू नका, हे अभयारण्य आहे. थंडी वाजली तर सगळे कपडे घाला आणि झोपण्याआधी काहीतरी गरम पोटात जाऊ द्या.

९. सकाळ: इंद्रवज्राची संधी

पहाटे उठून लोक तारामतीवर सूर्योदयाला जातात. जावं, पण दोन्ही जमणार नसेल तर माझं ऐका आणि सूर्य वर आल्यावर पुन्हा कोकणकड्यावर जा. कारण साधं आहे. सूर्य तुमच्या पाठीशी पूर्वेला, समोर खाली पश्चिमेच्या दरीत ढग किंवा धुकं. हा योग जुळला की ढगावर तुमची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. तेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ साली ते इथून पाहिल्याची नोंद आहे. शेजारी उभा असलेला मित्र त्याच ढगाकडे बघत असला तरी कडं त्याला त्याच्या सावलीभोवती दिसतं, तुमच्या नाही. त्यामुळे ‘माझ्याकडे बघ, माझ्याकडे आहे’ असा गोंधळ उडतो, आणि दोघांचंही बरोबर असतं.

कोरड्या हिवाळ्यात दरी मोकळी असेल तर ते दिसणार नाही. पावसाळ्याच्या शेवटी, ढग खाली आणि ऊन वर अशी सकाळ मिळाली तर तासभर तरी बसून राहा. ढग सरकतात, विरतात, पुन्हा भरतात. खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि ‘इंद्रवज्र दाखवतो’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला तर देऊच नये. दवानं ओलं झालेलं काठावरचं गवत सकाळी फार निसरडं असतं, तेवढं सांभाळा.

१०. उतरणं आणि परतीचा रस्ता

नऊ-साडेनऊला निघा. ज्या वाटेनं चढलात तिनंच उतरा. ‘इकडून शॉर्टकट आहे’ हे वाक्य गटातल्या सर्वांत कमी डोंगर फिरलेल्या माणसाच्या तोंडून येतं. उतरताना गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. सॅकचे पट्टे आवळून घ्या, डोलणारी सॅक कातळावर तोल घालवते. आपला कचरा तर आणायचाच, पिशवीत जागा असेल तर वाटेतल्या दोन-चार बाटल्याही उचला. नाक्यावर आलात की सगळी माणसं मोजा आणि मगच गाडी काढा.

पाचनईत जेवून दुपारी एकच्या आत निघता आलं तर बरं. रविवारी संध्याकाळी नाशिक महामार्ग आणि पुणे-नाशिक रस्ता, दोन्हीकडे गाड्या तुंबतात. जाता जाता राजूरचे पेढे घ्या. रतनवाडीचं अमृतेश्वर आणि सांदण दरी ‘इथंच तर आहे’ म्हणून त्याच दिवशी कोंबायचा मोह होईल. नकाशावर ती जवळ दिसतात, पण दुखऱ्या पायांनी बघण्यासारखी ठिकाणं नाहीत ती. त्यासाठी वेगळा शनिवार काढा आणि मुक्काम शेंडीला करा.